आईचा डावा हात आणि ‘वी’

आई डावखुरी आहे हे मला २००७ च्या मे महिन्यापर्यंत माहीत नव्हतं. तिचं लिहिणं उजव्या हाताचं, जेवणं उजव्या हाताचं, विळीवर भाजी चिरणं, कणीक मळणं, सगळं उजव्यानंच. कळलं ते अमेरिकेतल्या एडिसन गावाहून साड्यांच्या घडीत गुंडाळून सांगलीला नेलेल्या एका खेळामुळे.

खेळाचं नाव ‘वी’. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. अमेरिकेत तो १९ नोव्हेंबर २००६ ला विक्रीला आला. किंमत २५० डॉलर, म्हणजे तेव्हाचे आपले दहा-अकरा हजार रुपये. दोनच दिवस आधी सोनीचा प्लेस्टेशन ३ आला होता, त्यातला स्वस्तातला ५०० डॉलरचा. चित्रांच्या झगमगाटात वी त्याच्या जवळपासही नाही, तरी दुकानात मिळेना. आमच्या भागातल्या एका दुकानात रविवारी सकाळी माल यायचा. जानेवारीत तीन रविवार मी उजाडायच्या आधी, बोचऱ्या थंडीत रांगेत उभी राहिले. तिसऱ्या रविवारी मिळाला.

डबा उघडला तर आत तीन डीव्हीडीच्या केसेस एकावर एक ठेवाव्यात एवढंसं पांढरं यंत्र, आणि टीव्हीच्या रिमोटसारखाच दिसणारा एक लांबट रिमोट. सगळी करामत या रिमोटात आहे. बटणं दाबून खेळायचं नाही, हात हलवायचा. टेनिस असेल तर रॅकेट फिरवतो तसा रिमोट फिरवायचा, की पडद्यावरचा खेळाडू तसा फटका मारतो. रिमोटाला स्वतःचा छोटा स्पीकर आहे. पहिला चेंडू रॅकेटवर बसला तेव्हा ‘टप्’ असा आवाज टीव्हीतून नाही, माझ्या मुठीतून आला, आणि मूठ किंचित थरथरली. फ्लॅटमध्ये मी एकटीच होते. त्या क्षणी ठरवलं की हे सांगलीला न्यायचं.

का, ते सांगते. नव्वदच्या दशकात कॅसेट घालायचे टीव्ही गेम आले तेव्हा दादानं सुट्टीत एक आणला होता. डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हासारखं बटण, उजवीकडे ए आणि बी. मारिओ पळवण्यात आम्हा दोघांच्या दुपारच्या दुपारी जायच्या. आईनं एकदाच हातात घेतला. कुठलं बटण कुठं हे बघायला ती खाली बघायची, तेवढ्यात वर मारिओ खड्ड्यात. दोनदा तसं झालं आणि “तुमचं तुम्ही खेळा” म्हणून ती उठली ती उठलीच. पत्त्यांत आईला हरवणारं कुणी आमच्या गल्लीत नव्हतं. डोक्याचा प्रश्नच नव्हता. अडलं ते अंगठ्याशी. ती दुपार माझ्या मनात इतकी वर्षं राहून गेली होती. (निन्टेन्डोही मुळात पत्त्यांचीच कंपनी बरं का. क्योटोत १८८९ साली हानाफुदा नावाचे जपानी पत्ते बनवायला सुरू झाली. हे आईला सांगितलं तेव्हा त्या यंत्राकडे ती पहिल्यांदा नीट बघायला लागली.)

नेऊ पाहणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. अमेरिकेतल्या वीचा अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टवर थेट लावायचा नाही. दादानं इलेक्ट्रिकच्या दुकानातून व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाऊन आणला, विटेएवढा जड. दुसरं, आमच्या एकवीस इंची टीव्हीवर चित्र आधी काळं-पांढरं आलं. टीव्हीच्या मेनूत कलर सिस्टीम एनटीएससी या अमेरिकेतल्या पद्धतीवर नेली आणि रंग आले. आणि हो, तिथल्या यंत्रावर तिथल्याच डिस्क चालतात, तेव्हा खेळही तिकडूनच न्यायला हवेत. आमच्याजवळ एकच डिस्क होती, डब्यासोबत मिळालेली ‘वी स्पोर्ट्स’. टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग.

टीपॉय बाहेर गेला, दिवाण भिंतीला सरकला. खेळण्याआधी प्रत्येकाचा एक बाहुला बनवायचा असतो, त्याला ‘मी’ म्हणतात. हे नाव ऐकून घरात जो गोंधळ उडाला तो काही केल्या संपेना. “मी कुठं आहे?” “तो मी नाही, हा मी!” बाबांना चष्मा आणि मिशी लावली. आईचा बाहुला झाल्यावर ती म्हणाली, “कपाळ मोकळं दिसतंय गं.” टिकलीची सोय त्यात नाही, पण चेहऱ्यावर तीळ देता येतो. तो तीळ उचलून कपाळाच्या मध्यावर आणला, मोठा केला. काळी टिकली झाली. आई बराच वेळ पडद्यावरच्या स्वतःकडे बघत राहिली.

मग बोलिंग. लांब लाकडी पट्टीवरून जड गोळा घरंगळत सोडायचा आणि टोकाला उभे दहा खुंट पाडायचे. रिमोटच्या पोटाशी एक बटण आहे, ते दाबून धरायचं, हात मागे न्यायचा, पुढे आणायचा आणि सोडायच्या क्षणी बटण सोडायचं. आईनं उजव्या हातात रिमोट घेतला. पहिल्या वेळी बटण हात मागे असतानाच सुटलं आणि गोळा मागच्या बाहुल्यांत जाऊन पडला; ते सगळे दचकून उडाले. दुसरा पट्टीच्या कडेला गेला. तिसरा गेला तोही तसाच. “आजी, पुढं आल्यावर सोड की!” नातू आर्यन ओरडत होता. आईचा चेहरा मला ओळखीचा वाटायला लागला. मारिओच्या त्या दुपारी उठली होती तेव्हाचा.

उठली नाही. रिमोट डाव्या हातात घेतला, पदर खोचला, आणि हात असा काही सैल मागे गेला आणि पुढे आला की आम्ही सगळे गप्प झालो. नऊ खुंट.

“हा हात कुठला काढलास?” बाबांनी विचारलं. मग आईनं सांगितलं. माहेरी हरिपूरला असताना चिंचा पाडायला दगड मारायची ती डाव्या हातानं. शाळेत डाव्या हातात पेन्सिल धरली की बोटांवर पट्टी बसायची, घरी डावा हात ताटाकडे गेला की आजी बाजूला सारायची. दोन-तीन वर्षांत सगळं उजव्यावर आलं. दगड मारायला मात्र कुणी शिकवत नाही, म्हणून तेवढा डावाच राहिला. लग्नानंतर दगड मारायचा प्रश्नच आला नाही. तेव्हा तिला एकसष्टावं चालू होतं.

खेळ सुरू करताना डावखुरे की उजवे हे सांगायची सोय वीत आहे. तिच्या बाहुल्याला डावखुरं केलं. “हे आधी का नाही विचारलंस?” म्हणाली. खरंच मी विचारलं नव्हतं. कधीच, कुणीच विचारलं नव्हतं.

बाबांची तऱ्हा वेगळी. ते शिवाजी स्टेडियमवर क्लबचे सामने खेळलेले ऑफस्पिनर, आणि विजय हजारेंचा जन्म सांगलीचा हे दर माणसाला सांगणारे. गोळा सोडताना मनगट वळवलं तर पडद्यावरचा गोळाही वळतो, हे त्यांना पाचव्या मिनिटाला लागलं. मग ते दाराच्या उंबऱ्यापासून दोन पावलं टाकत यायचे, मनगट फिरवायचे, आणि गोळा कडेकडेनं जाऊन ऐन वेळी आत वळायचा. दर चेंडूनंतर हात वरच्या वर थांबायचा.

आर्यननं मात्र अर्ध्या तासात गुपित फोडलं. दिवाणावर लोळत, नुसतं मनगट झटकून तो टेनिसचे गुण घ्यायला लागला. त्याचं चुकत नव्हतं. रिमोटमध्ये वेगातला बदल मोजणारी एक इवलीशी चिप आहे, अॅक्सेलरोमीटर. हात किती जोरात, कुठल्या दिशेनं झटकला गेला हे तिला कळतं. हात खोलीत नेमका कुठं आहे हे कळत नाही. म्हणून पूर्ण फटका आणि छोटासा झटका तिला जवळजवळ सारखेच. टेनिसमध्ये धावायचं कामही बाहुला आपणच करतो, आपल्याकडे फक्त वेळ साधणं उरतं. दादा कॉलेजात बॅडमिंटन खेळलेला, त्याचं मन टेनिसमध्ये रमलं नाही, आणि मला त्याचं पटतं. पाचांत बोलिंग सगळ्यात सरस, कारण तिथं खऱ्या हाताची लय आणि यंत्राला कळणारी लय एकमेकींच्या सगळ्यात जवळ येतात. बॉक्सिंग आम्ही एकदाच खेळलो.

पण गुपित कळल्यावर काय झालं ते बघा. बाबांना आर्यननं झटका करून दाखवला. त्यांनी एक गोळा तसा टाकला, आठ खुंट पाडले, आणि पुन्हा उंबऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. “त्यात टाकल्यासारखं वाटत नाही रे,” म्हणाले.

एका संध्याकाळी बोलिंगमध्ये आई १३२ गुणांवर होती, आठवी फेरी, आणि लाइट गेली. भारनियमनाची वेळ पुढे सरकली होती ते कुणाच्या लक्षात नव्हतं. यंत्र बंद झालं की चालू डाव जातो. आईनं काही न बोलता दोन मेणबत्त्या लावून टीव्हीवर ठेवल्या आणि ती भडंगाला फोडणी द्यायला आत गेली. तासाभरानं लाइट आली तेव्हा त्या जळतच होत्या, आणि मला वाचलेलं एक आठवलं. टीव्हीवर एक बारीक पट्टी ठेवावी लागते, तिला सेन्सर बार म्हणतात. नावात सेन्सर असला तरी तिला काही कळत नाही. तिच्या दोन टोकांना डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचे दिवे आहेत, एवढंच. बघणारा कॅमेरा रिमोटच्या काळ्या नाकात आहे. समोर दिसणाऱ्या प्रकाशाच्या दोन ठिपक्यांवरून रिमोट कुठं रोखलाय ते तो काढतो. मेणबत्तीच्या ज्योतीतही इन्फ्रारेड असतंच. म्हणून मी पट्टीची वायर काढली, दोन मेणबत्त्या हातभर अंतरावर सारल्या आणि रिमोट आईच्या हातात दिला. रिमोट रोखू तिथं पडद्यावर हाताचा एक पंजा दिसतो, तो हलायला लागला. आईनं एक ज्योत तळहातानं झाकली, पंजा भरकटला. हात काढला, परत आला. तिनं हे पाच-सहा वेळा केलं. आमटी उतू जाईपर्यंत.

उलटंही खरं आहे. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन टीव्हीजवळ पडलं की पंजा थरथरायचा. पडदा ओढला की ठीक.

मनगटाची दोरी मात्र विसरू नका. सुरुवातीच्या काही दोऱ्या जोरात फटका मारताना तुटल्या, म्हणून डिसेंबरात कंपनीनं सुमारे ३२ लाख दोऱ्या फुकट बदलून द्यायचं जाहीर केलं. माझ्या डब्यात नवी, जाड दोरी होती. आईनं त्यावर स्वतःचा नियम घातला होता: भडंग खाल्लं की हात धुतल्याशिवाय रिमोटला हात लावायचा नाही.

यंत्र मी परत आणलं नाही. निघायच्या आदल्या रात्री दादानं टीव्हीच्या कपाटाच्या आतल्या बाजूला वहीचा कागद चिकटवला. १. स्टेपडाऊन. २. टीव्ही, पिवळी वायर पुढच्या भोकात. ३. वी. ४. दोरी मनगटात. सकाळी बॅगा बाहेर काढताना बघितलं तर खाली आईच्या अक्षरात आणखी एक ओळ होती. ५. सुरुवातीला हात विचारतो. माझा डावा.