ओटीपी त्या माणसाच्या फोनवर जाणार होता: आधार आणि बँक खात्याचा माझा अनुभव

आमच्या युनिटमध्ये पगार रोख देत नाहीत आणि हा नियम मी कुणासाठीही वाकवत नाही. इथे जुन्या साड्यांच्या गोधड्या, पिशव्या, उशांचे अभ्रे शिवले जातात. शिवणाऱ्या बहुतेक बायकांना कधी ना कधी कुणीतरी विकलेले आहे. तिथे त्यांच्या कमाईचा पैसा दलालाच्या नाहीतर कुंटणखाना चालवणाऱ्या घरवालीच्या हातात जायचा, आणि वर कर्ज अजून फिटले नाही असे ऐकवले जायचे. म्हणून इथला पैसा तिच्याच नावाच्या खात्यात पडला पाहिजे आणि तो तिनेच काढला पाहिजे.

खात्यासाठी आधार मागतात. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडून कारागिरांना मिळणारे पहचान कार्ड काढायचे तर त्यालाही आधार. २० माणसे झाली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो, तिथेही आधार. बाकीच्या जणींचे कागद फारसा त्रास न होता झाले. एका ताईचे मात्र असे काही अडकले की आधार केंद्राचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तिला विचारून, तिची ओळख पटेल असे सगळे गाळून लिहिते आहे.

सुटका झाली तेव्हा तिच्याकडे एकही कागद नव्हता. आधार केंद्रात नवीन नोंदणीचा फॉर्म भरला, सोबत निवारागृहाच्या अधीक्षकांचा दाखला जोडला. हा दाखला चालतो. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखांनी आधार प्राधिकरणाच्या ठरलेल्या नमुन्यात सही-शिक्क्यानिशी दिलेला दाखला ओळख आणि पत्ता दोन्हींसाठी धरतात, फक्त तो दिल्याच्या तारखेपासून ३ महिनेच चालतो. साध्या लेटरहेडवर लिहून नेऊ नका, छापील नमुनाच न्या. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळे, फोटो, सगळे झाले. १८ वर्षांवरच्या नव्या नोंदणीची राज्य सरकारकडून पडताळणी होते, त्यामुळे वेळ लागणार हे माहीत होते. थांबलो. शेवटी उत्तर आले: नोंदणी नाकारली.

का नाकारली, हे केंद्रात कुणी धड सांगेना. ‘परत भरा’ एवढेच. परत भरले, परत नाकारले. काउंटरवरच्या माणसाचा आवाज मात्र दर वेळी चढत गेला. रांगेत माणसे उभी असताना त्याने तिला विचारले, ‘आधी कुठे राहत होतात? तिथे काय करत होतात? नवऱ्याचे नाव काय?’ ती मान खाली घालून उभी. मी मध्ये पडले आणि सांगितले की यातला एकही प्रश्न फॉर्मवर नाही. आधारसाठी नवऱ्याचे नाव देणे सक्तीचे नाही. आधी काय करत होतीस हे विचारण्याचा तर कुणालाच अधिकार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात देहविक्रीच्या व्यवसायातल्या स्त्रियांनासुद्धा आधार देताना गोपनीयता पाळायला आणि क्रमांकात ओळख पटेल असा कोणताही कोड न ठेवायला सांगितले आहे. त्या आदेशाची प्रत मी तेव्हापासून पिशवीत ठेवते. ती वाचायला सहसा कुणी मागत नाही, पण टेबलावर ठेवली की आवाज खाली येतो.

नोंदणी का नाकारली ते १९४७ या हेल्पलाइनवर कळले. तिचे आधार आधीच निघालेले होते. प्रत्येक नवी नोंदणी आली की ठसे आणि बुबुळे आधीच्या सगळ्या नोंदींशी ताडून पाहतात, आणि जुळली की नवी रद्द होते. मग तिला आठवले. गावच्या शाळेत शिबिर भरले होते, तिने बोटे दिली होती. फॉर्म एका नातेवाइकाने भरला होता आणि मोबाइल नंबर त्यानेच स्वतःचा टाकला होता.

शहरात काम लावून देतो म्हणून तिला घेऊन गेलेला माणूस तोच.

आम्ही केंद्रात गेलो आणि जुना क्रमांक शोधून द्या म्हटले. ऑपरेटरने वेबसाइट उघडली, नाव टाकले, आणि म्हणाला, ‘रजिस्टर्ड मोबाइलवर ओटीपी जाईल. घरी फोन लावा, विचारून घ्या.’ मी म्हटले, तो नंबर वापरता येणार नाही. तो म्हणाला, ‘मग कठीण आहे. घरच्यांशी भांडण आहे का? मिटवून टाका.’ ताईने माझा हात इतका घट्ट धरला होता की मला पुढचे बोलायला सुचेना. तिने एकदा जरी ‘हो’ म्हटले असते तरी तिच्या आधारचा शोध चालू असल्याचा मेसेज त्या माणसाच्या फोनवर पोचला असता. ती जिवंत आहे, कागद काढते आहे, एवढे कळले तरी त्याला पुरे होते. खटला अजून चालू होता.

यावर उपाय होता आणि तो नियमातच होता. मोबाइल नंबर जवळ नसेल तर आधार केंद्रात बायोमेट्रिक देऊन जुनी नोंद शोधता येते. त्यासाठी नाव, लिंग आणि जिल्हा किंवा पिनकोड लागतो, आणि मग त्या मर्यादित नोंदींत ठसे किंवा बुबुळे जुळवतात. आम्ही दुसऱ्या, मोठ्या आधार सेवा केंद्रात गेलो. तिथेही सुरुवातीला ‘सापडत नाही’ असेच उत्तर मिळाले, कारण ऑपरेटर निवारागृहाचा पिनकोड टाकत होता. नोंद गावात झाली होती, तेव्हा पिनकोडही गावचाच हवा. ताईला तो आठवत नव्हता, पण पत्र कुठल्या पोस्टातून यायचे ते गाव आठवत होते. पोस्टाच्या नावावरून पिनकोड सापडला. बुबुळे वापरा म्हणून मीच आग्रह धरला. गोधडीच्या जाड थरांतून दिवसभर सुई ओढणाऱ्यांची बोटे झिजतात, ठसे उमटत नाहीत. नोंद सापडली. नाव तिचे, जन्मतारीख खरी. मला तिथेच रडू आले.

आता क्रम नीट लक्षात ठेवा, कारण इथे चुकले तर जिवावर बेतू शकते. पहिल्यांदा मोबाइल नंबर बदलायचा. त्याला कुठलाही कागद लागत नाही, फक्त तिची हजेरी आणि बायोमेट्रिक लागते. नवा नंबर नोंदीत चढल्याची खात्री करायची. त्यानंतरच बाकीच्या गोष्टींना हात लावायचा. पत्ता आधी बदलला आणि नंबर जुनाच राहिला, तर तो माणूस त्याच्या फोनवरच्या ओटीपीने तिचे ई-आधार उतरवून नवा पत्ता वाचू शकतो. नंबर बदलून झाला की बायोमेट्रिक लॉकही करून ठेवा, म्हणजे तिचे ठसे-बुबुळे कुणाला वापरता येत नाहीत, लागेल तेव्हा उघडता येते.

पत्ता आम्ही बदललाच नाही. निवारागृहाचा पत्ता कार्डावर छापला तर पुढे कार्ड दाखवेल तिथे तो दिसणार. बँकेत ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी केली आणि आधारवर गावचा पत्ता असला तरी सध्याचा पत्ता वेगळा असल्याचे स्वयंघोषणापत्र दिले. रिझर्व्ह बँकेच्या केवायसीच्या नियमांत ही सोय आहे. सध्याचा पत्ता म्हणून युनिटचा दिला. शाखेतल्या बाईंनी आधी ‘असे चालत नाही’ म्हटले, मग वरिष्ठांना विचारून आल्या आणि केले. त्यांचे मी मनापासून आभार मानले.

हे वाट पाहण्याच्या काळातच उपयोगी पडले असते, म्हणून ज्या कुणाचे आधार अडकले आहे त्यांच्यासाठी सांगते. कोणताही अधिकृत कागद नसला तरी ‘छोटे खाते’ उघडता येते. फोटो द्यायचा आणि बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करायचा. वर्षभरात १ लाखापर्यंत जमा, महिन्याला १० हजारांपर्यंत काढणे आणि कधीही ५० हजारांच्या वर शिल्लक नाही, अशा मर्यादा असतात. खाते १२ महिने चालते, आणि ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी १२ महिने. काउंटरवर ‘असे खातेच नसते’ म्हणतील. व्यवस्थापकांना भेटा आणि लेखी नकार मागा.

आणखी एक. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. मानवी व्यापाराची बळी ठरलेल्या व्यक्तीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ ने दिला आहे, उत्पन्न कितीही असो. आम्हाला तिथून एक विधी स्वयंसेविका सोबत मिळाली. संस्थेच्या माणसाला उडवून लावणारे काउंटर प्राधिकरणाचे ओळखपत्र दिसले की खुर्ची देते. हे मला अजिबात आवडत नाही, पण ताईला बसायला मिळाले.

बायकांची पासबुके, एटीएम कार्डे युनिटच्या कपाटात ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी पाहिली आहे. हरवू नये म्हणून, असे सांगतात. आम्ही ती ठेवत नाही, झेरॉक्ससुद्धा नाही. पिन तिने एकटीने टाकायचा, आपण दाराबाहेर थांबायचे.

फॉर्मवर नॉमिनीची, म्हणजे आपल्या पश्चात खात्यातले पैसे ज्याच्या हाती द्यायचे त्याच्या नावाची जागा होती. शाखेत ‘भाऊ? वडील?’ असे विचारले गेले. नॉमिनी नातेवाईकच असावा असा नियम नाही, आणि नको असेल तर तसे लिहून देता येते. ताईने शेजारी बसून शिवणाऱ्या बाईचे नाव लिहिले. पहिला पगार त्याच महिन्यात जमा झाला. पहचान कार्डाचा अर्जही आता गेला आहे.