पेठांमधल्या दिशादर्शक पोस्टरांचे काम: माझा अनुभव

पुण्याच्या जुन्या पेठांत पायी फिरणाऱ्यांसाठी एका संस्थेने मोबाइलवर चालणारा नकाशा तयार केला होता, आणि त्यासाठी रस्त्यावर लावायची पोस्टरे छापून घेण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. अरुंद बोळांत दोन्ही बाजूंच्या इमारतींमुळे जीपीएस अनेकदा शेजारच्याच रस्त्यावर ठिपका दाखवते. म्हणून प्रत्येक पोस्टरावरच्या क्यूआर कोडातच त्या जागेची ओळख साठवायची, म्हणजे कोड स्कॅन करताच फोनला आपण नेमके कुठे उभे आहोत ते कळेल, असे ठरले. दिसायला सगळी पोस्टरे सारखी असली, तरी त्यांतले कोणतेही दुसऱ्याच्या जागी चालणार नव्हते, आणि पुढचा प्रत्येक निर्णय याच एका गोष्टीशी बांधलेला राहिला.

सर्वांत जास्त विचार नकाशाच्या दिशेचा करावा लागला. पुस्तकातल्या नकाशात उत्तर वर असते. रस्त्यावर उभ्या माणसाला मात्र समोरचे वर दिसले पाहिजे. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दरवाजाकडे पाहणारा माणूस दक्षिणेला पाहत असतो. त्याच्या पोस्टरात दक्षिण वर घेतली, पाठीमागची मुठा नदी खाली आली आणि पूर्वेची कसबा पेठ डाव्या हाताला. ‘नकाशा उलटा छापला आहे’ असा आक्षेप बैठकीत आला, तेव्हा मी कागद घेऊन सर्वांना प्रत्यक्ष त्या जागी चलण्याची विनंती केली. तिथे उभे राहिल्यावर वाद उरला नाही. अशा कामाचा निर्णय टेबलावर होऊच नये, असे माझे ठाम मत आहे.

कोडाच्या बाबतीत दुवा शक्य तितका छोटा ठेवला, कारण मजकूर वाढला की चौकटी बारीक होतात आणि दुरून वाचल्या जात नाहीत. क्यूआर कोडात दुरुस्तीच्या चार पातळ्या असतात. सर्वांत खालची सुमारे 7 टक्के, तर सर्वांत वरची सुमारे 30 टक्के खराबी सहन करते. रस्त्यावर चिखल, ओरखडे आणि चिकटवलेल्या जाहिराती गृहीत धराव्याच लागतात, म्हणून वरची पातळी घेतली. स्कॅन करण्याच्या अंतराच्या साधारण एक दशांश इतकी कोडाची रुंदी ठेवली आणि भोवती चार चौकटींएवढी पांढरी जागा कटाक्षाने मोकळी सोडली. रंगसंगतीसाठी कोड रंगीत करण्याची सूचना मी स्वीकारली नाही. पांढऱ्यावर काळा हाच सर्वांत खात्रीचा.

देवनागरीने वेगळी काळजी मागितली. दुरून पाहताना अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरे भरून येतात, शिवाय वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. म्हणून ओळींमधले अंतर वाढवले आणि मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ असलेला युनिकोड फॉन्ट निवडला. छापखान्याला फाइल फॉन्ट कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे आकृत्यांत रूपांतर करूनच लागते, आणि त्यानंतर अक्षर सुधारता येत नाही. त्यामुळे स्थळांची नावे त्याआधीच कागदावर काढून, पेठेत राहणाऱ्या जाणकारांकडून तपासून घेतली.

छपाई व्हिनाइलवर, म्हणजे चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या पातळ थरावर करून ते एसीपी शीटवर (दोन पातळ अॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेल्या फळीवर) चढवले. ग्लॉस लॅमिनेशनचा नमुना दुपारच्या उन्हात धरला, तर चकाकीमुळे फोनला कोड टिपता येईना. मॅटवर तो लगेच उघडला. बसवताना कोड व्हीलचेअरवरच्या व्यक्तीच्याही आवाक्यात येईल अशी उंची ठरवली. प्रत्येक शीटच्या मागे जागेचा क्रमांक लिहिला होता, तरीही पोस्टर पक्के करण्यापूर्वी तिथेच कोड उघडून फोनवरची जागा जुळवून पाहिल्याशिवाय कारागिरांना स्क्रू आवळू दिले नाहीत. दुवा कायम राहून त्यामागचे पान बदलता येते, त्यामुळे गणेशोत्सवात लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद झाला किंवा एखादी वाट वळवली, तरी नवी छपाई न करता मार्ग त्याच पोस्टरावरून दाखवता येतात.