तुम्ही विचारलंत म्हणून: मराठी पान गिचमिड का दिसतं?

प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: ‘वेबसाइटसाठी इंग्रजीतलं छान मोकळं टेम्प्लेट, म्हणजे पानाचा तयार साचा, घेतलं, त्यात मराठी मजकूर भरला आणि सगळं गिचमिड झालं. आता काय काय काढून टाकू?’

तूर्तास काहीच काढू नका. टेम्प्लेट रोमन लिपीच्या मापाने बेतलेलं आहे, दोष मापात आहे. रोमन ओळीत वर-खाली डोकावणारी अक्षरं मोजकीच असतात. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, पाय मोडलेली अक्षरं. ‘मूर्तींची दुकानं’ हे दोन शब्द एकाखाली एक लिहून पाहा: वरच्या शब्दाचा ऊकार आणि खालच्याचा अनुस्वार दोघांनाही दोन ओळींमधली तीच पट्टी हवी असते. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये ओळीची उंची, म्हणजे सीएसएसमधली (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतली) लाइन-हाइट, अक्षराच्या आकाराच्या साधारण 1.4 ते 1.5 पट असते. मराठी मजकुराला 1.7 पासून सुरुवात करा. फॉन्टनुसार थोडं वर-खाली होईल, पण 1.9 च्या पुढे गेलात तर परिच्छेद एकसंध न वाटता सुट्या ओळींची यादी वाटू लागते. हा आकडा एककाशिवाय लिहा. पिक्सेलमध्ये लिहिला तर तीच उंची शीर्षकाच्या मोठ्या अक्षरांनाही लागू होते आणि दोन ओळींचं शीर्षक एकमेकांवर चढतं.

शीर्षकांचा घोटाळा तर याहून जास्त. तिथे टेम्प्लेटने 1.1 ठेवलेलं असतं. मराठीत ते किमान 1.35 हवं. जोडीला ‘ओव्हरफ्लो हिडन’ (चौकटीबाहेरचं लपवा ही सूचना) असेल तर पहिल्या ओळीचे रफार-अनुस्वार कापलेच जातात, आणि ‘तीर्थ’चं ‘तीथ’ होतं. बटणांचंही तेच. 36 पिक्सेल अशी पक्की उंची देऊ नका, वर-खाली पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्या आणि बटणाला हवं तसं वाढू द्या.

अक्षराचा आकार 16 वरून 18 पिक्सेल करा, कारण त्याच आकड्याला देवनागरी अक्षर रोमनपेक्षा बारीक दिसतं. ओळीची रुंदी 34 ईएमच्या आसपास पुरे (एक ईएम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढं माप). 18 पिक्सेलला ती 612 पिक्सेल होते. इंग्रजीतला ‘ओळीत 65 अक्षरं’ हा नियम इथे मोजायलाच जाऊ नका. ‘स्त्री’ हे डोळ्याला एक अक्षर, पण संगणकाच्या हिशेबी सहा. दोन्ही कडा सरळ करण्याचा मोहही टाळा. आपले शब्द लांब, ओळीअखेर ते तोडायची सोय तुटपुंजी, त्यामुळे मध्ये भोकं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी, हेच बरं.

आता साधेपणाचा खरा पेच. महत्त्वाचं काय आणि दुय्यम काय हे दाखवायला इंग्रजी डिझाइनकडे मोठी (कॅपिटल) लिपी आहे, तिरपी अक्षरं आहेत, अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची युक्ती आहे. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही. तिरपा टाइप बहुतेक फॉन्टमध्ये नसतो, म्हणून ब्राउझर सरळ अक्षरच ढकलून वाकवतो. आणि लेटर-स्पेसिंग वाढवलं की शिरोरेषा तुटते, शब्द वाळत घातल्यासारखा दिसतो. ते शून्यच ठेवा. हाती उरतं काय, तर आकार, जाडी आणि मोकळी जागा. तीन आकार घ्या: 18, 24, 34. जाड्या दोन: 400 (साधी) आणि 700 (ठळक). जाड फॉन्टची फाइल खरोखर उतरते आहे ना, हे तपासा. नसेल तर ब्राउझर अक्षर कृत्रिमरीत्या जाड करतो आणि ‘ष’, ‘क्ष’ यांची पोटं भरून जातात.

मोकळी जागा सगळीकडे सारखीच वाटून दिली तर ती वाया जाते. शीर्षकाच्या वर 48 पिक्सेल सोडले तर खाली 16 पुरे, म्हणजे ते खालच्या मजकुराचं आहे हे न सांगता कळतं.

फिकट राखाडी अक्षरं म्हणजे आधुनिक, हा एक हट्टी गैरसमज. पांढऱ्यावर #999 या राखाडी रंगाने लिहिलं तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं गुणोत्तर, 3 लाही पोचत नाही, आणि वाचनसुलभतेच्या निकषांनुसार साध्या मजकुराला किमान 4.5 हवा. #767676 तो जेमतेम गाठतो. मजकुराला #222 द्या, राखाडी तारखांपुरता ठेवा.

फॉन्ट एकच पुरतो. मुक्त परवान्याचे ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ नेहमीच्या कामाला उत्तम. मात्र पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे मूळ कोडमध्ये, भाषा मराठी म्हणून नोंदवा. टेम्प्लेटमध्ये तिथे इंग्रजी तशीच राहून जाते आणि फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिलेले असले तरी ते उमटत नाहीत. ‘ऱ्या’ही लिहून पाहा. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक दिसला नाही तर फॉन्ट बदला.

दुव्यांखालची रेघ उकारापाशी तुटते. ती पाव ईएमने खाली सरकवा.

एवढं झाल्यावर काढायच्या गोष्टींकडे वळा. आपोआप सरकणारी चित्रपट्टी आधी जाऊ दे, कारण वाचून होण्याआधीच ती पुढे जाते. मग नुसती शोभेची चिन्हं. मग मेन्यूतल्या त्या नोंदी, ज्या एकाच पानाकडे नेतात.

तपासणी खोट्या मजकुरावर करू नका, लॅटिन भरताड मजकुरावर तर नकोच. खरे मराठी शब्द टाका आणि पान 360 पिक्सेल रुंदीवर उघडा. ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’ हा शब्द 34 पिक्सेलच्या शीर्षकात ठेवून पाहा. कडेला भिडून पान आडवं सरकू लागलं, तर फोनवर शीर्षक 26 वर आणा.