टाकी फुल्ल केली की वास

खानापूरला आमच्या पोर्चमध्ये गाडी उभी असते. पावसाळ्यानंतर एका पहाटे दार उघडलं आणि पेट्रोलचा भपकारा आला. पोर्चच्या कडेलाच तुळस, तिथं आई रोज दिवा लावते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, फरशीलगत पसरते. माझ्या पोटात गोळाच आला. स्टार्टर न मारता गाडी ढकलत उघड्या अंगणात नेली. आईला म्हटलं, "वास जाईतोवर दिवा देवघरातच लाव."

बेळगावच्या एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडून पाइप, इंजेक्टर बघितले. "2009ची गाडी, थोडा वास येणारच," म्हणाले. मला हे मुळीच पटलं नाही. उभ्या गाडीला पेट्रोलचा वास यायलाच नको. टाकीचं झाकण बदललं, फरक नाही. रात्री गाडीखाली पुठ्ठे अंथरले, सकाळी कोरडे ठणठणीत.

मग वहीत तारखा लिहायला लागलो. महिन्याभरात उलगडलं: टाकी फुल्ल केली की दोन-तीन दिवस वास, अर्ध्याखाली आली की गायब. म्हणजे गळती टाकीच्या वरच्या अंगाला.

वही गावातल्या मेस्त्रींना दाखवली. "मग बॉनेटखाली कशाला शोधायचं? टाकीतला पंप मागच्या सीटखाली आहे की," ते म्हणाले. टाकी पाव होईपर्यंत गाडी वापरायला सांगितली. कामाच्या दिवशी शटर सताड उघडं, आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. सीट उचलली, पत्र्याचं झाकण काढलं. टाकीवर आमच्याकडची तांबडी धूळ बोटभर साचलेली, सगळीकडे कोरडी. फक्त पंपाच्या एका कडेला चंद्रकोरीएवढा काळपट ओला चिखल. त्याखालची रबरी रिंग फुगलेली, एका जागी चिरलेली.

"आता पेट्रोलात इथेनॉल जास्त, जुन्या रबराला सोसत नाही," मेस्त्री म्हणाले. रिंग बेळगावहून मागवावी लागली, दोन दिवस गेले. बसवण्याआधी त्यांनी खाच कापडानं इतकी निगुतीनं पुसली की बघत राहावं. शेजारचा आखूड रबरी पाइपही बदलून घेतला.

त्याच संध्याकाळी मुद्दाम टाकी फुल्ल केली आणि गाडी दोन रात्री अंगणातच ठेवली. दोन्ही पहाटे मागचं दार उघडून सीटपाशी नाक नेलं. वास नव्हता. तिसऱ्या दिवशी आईनं तुळशीपुढं दिवा लावला. गाडी मात्र मी अजून फाटकाजवळच उभी करतो.