तुम्ही विचारलंत म्हणून: फेसबुक असताना ब्लॉग कशाला?

हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. फोंड्याला लग्नात भेटलेल्या वहिनी विचारतात, ऑफिसातली पोरं विचारतात, ताई एवढं लिहिता तर सरळ फेसबुकवरच टाका ना, ब्लॉग आता कोण उघडतंय? वाचणारे कमी झालेत हे खरंच आहे. तरी मी आधी ब्लॉगवरच टाकते, आणि का ते एकदा नीट सांगते.

मी 2011 मध्ये लिहायला लागले तेव्हा लोक गूगल रीडरमध्ये ब्लॉग जोडून ठेवायचे, नवीन काही टाकलं की आपोआप त्यांच्यापर्यंत जायचं, मध्ये ठरवणारं कोणी नव्हतं. जुलै 2013 मध्ये ते बंद झालं आणि माझ्याकडे येणारी वाट फेसबुकवरूनच जायला लागली. मग 2018 च्या जानेवारीत फेसबुकनं जाहीर केलं की पेजपेक्षा मित्रांच्या नि घरच्यांच्या पोस्ट आधी दाखवणार. त्या दिवशी कळलं, वाचक माझा असला तरी त्याच्यासमोर काय येणार हे माझ्या हातात नाही.

पण खरं वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं, माझं लिहिणंच बदलायला लागलं. 2012 मध्ये मी गोव्यातल्या चोडण बेटावरच्या मानशीवर लिहिलं होतं. मानस म्हणजे खाजन शेतीच्या, म्हणजे नदीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीच्या, बांधातलं लाकडी दार, भरतीला नदीचं खारं पाणी बाहेरून रेटतं की दारं मिटतात, ओहोटीला आतलं पाणी रेटतं की उघडतात, कोणी हात लावायला नको. त्या लेखात मी आजोबांच्या मागून बांधावर चालत होते, आधी चिखल, मग कुर्ल्यांची बिळं, मग आजोबांचा खोकला, आणि असं करत करत कुठे ते दार यायचं. पुढे तेच फेसबुकसाठी केलं तर 'आणखी पाहा'च्या आधी जेवढं दिसतं तेवढ्यात माणूस थांबायला हवा ना, म्हणून पहिली ओळ लिहिली, 'हे दार कोणी न उघडता उघडतं, माहीत होतं तुम्हाला?' लाइक भरपूर पडले. चिखल, कुर्ल्या, आजोबा सगळे गेले. त्याच वर्षी दिवाळी अंकासाठी लिहायला बसले तर तिथेही पहिलं वाक्य असंच प्रश्न विचारणारं आलं, कागदावर 'आणखी पाहा' नसतंच तरीसुद्धा. तीनदा खोडलं तेव्हा सुटलं.

लेखांचं बाड घेऊन एका प्रकाशकांकडे गेले होते, त्यांनी पान उलटायच्या आधी फॉलोअर किती ते विचारलं. त्यांची अडचण कळते मला, छापलेल्या प्रती घरात पडून राहिल्या तर पैसे त्यांचेच अडकणार, पण निदान दोन पानं तरी वाचायला हवी होती.

माझं लिखाण कोणी उतरवून पुढे पाठवलं तर मी रागवत नाही, फक्त नाव राहू द्या म्हणते. गोव्यातल्या रायतूरला 1616 मध्ये ख्रिस्तपुराण, फादर स्टीफन्सनी मराठीत ओव्यांत सांगितलेली ख्रिस्ताची कथा, छापलं गेलं, पुढे आणखी दोनदा छापलं, त्यातली छापील प्रत आज एकही सापडत नाही, आपल्यापर्यंत ते आलं ते लोकांनी हातानं उतरवून ठेवलेल्या पोथ्यांमुळे. उतरवणाऱ्यांचे उपकारच आहेत. पण उतरवायला आधी कुठेतरी सापडायला हवं, आणि फेसबुकवरची माझीच जुनी पोस्ट मला शोधून मिळत नाही.

मानशीचा लेख मात्र मिळाला. 2021 मध्ये आर्किटेक्चर शिकणाऱ्या एका मुलीनं गूगलवर 'मानस खाजन' टाकलं आणि नऊ वर्षांपूर्वीच्या त्या लेखावर आली. तिनं विचारलं, दाराशी मासे कोण पकडतं? मी काकांना फोन लावला. ते म्हणाले, अगो त्याची पावणी होते, जो जास्त बोली लावतो त्याला हक्क, ओहोटीला दाराशी जाळं लावायचं, आणि पावणीचे पैसे बांधाच्या डागडुजीला. हे मला 2012 मध्ये माहीतच नव्हतं! त्याच लेखाखाली ते जोडलं, आणि तिनं काढलेलं दाराचं चित्रही तिला विचारून तिथेच लावलंय.