चौदा चालींचा ड्रॉ
"काका, तुम्हाला जिंकायचंच नव्हतं का?" बुद्धिबळाच्या स्कोअरशीटवर सही करता करता समोरचा दहा-अकरा वर्षांचा पोरगा सहज बोलून गेला.

मी पांढरा, रुय लोपेझ ही सुरुवात खेळलो, पठ्ठ्याने बर्लिन हा भिंतीसारखा भक्कम बचाव लावला. मग माझा वजीर ई4 वर शह, परत डी4, परत शह, परत डी4. तीच पोझिशन तिसऱ्यांदा आली की ड्रॉ, खेळ खल्लास!

2000 साली लंडनला क्रामनिकने हाच बर्लिन लावला होता, जगज्जेत्या कास्पारोव्हला अख्ख्या मॅचमध्ये एक डाव जिंकता आला नाही. पण कास्पारोव्ह ती भिंत फोडायला तरी बघत होता, मी पाचव्या चालीला हत्ती ई1 खेळून डाव चालू ठेवू शकलो असतो, पण पोराकडून हरलो तर लोक काय म्हणतील...

पोराला म्हणालो, अरे थिअरी आहे ती, पुस्तकातल्या ठरलेल्या चाली. तो हसला फक्त. त्याला कळलं असेल का?