लातूरचा होस्ट गेला तेव्हा: हायपर-व्ही रेप्लिकावरून व्हीएम उभी करताना

वळवाच्या पावसात वीज पडली आणि लातूरच्या मुख्य ऑफिसातला होस्ट (व्हीएम चालवणारा सर्व्हर) यूपीएससकट बसला. त्यावर सहा व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरमधली मशीन्स. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीतून सगळ्यांची रेप्लिका, म्हणजे बंद ठेवलेली नक्कल, छत्रपती संभाजीनगरच्या शाखेत, दर 5 मिनिटांनी ताजी होणारी.

फेलओव्हरच्या, म्हणजे रेप्लिका चालू करून काम तिच्यावर नेण्याच्या, आधी लातूरला फोन: होस्टच्या मागच्या नेटवर्क केबली उपटा. व्हीएम ‘आधी चालू होतं तर सुरू कर’ या मूळ सेटिंगवर असतात. लाईट आली, होस्टनं तग धरला, की जुनी व्हीएम आपोआप उठतात आणि एकाच नावाची दोन मशीन्स वेगवेगळ्या नोंदी घ्यायला लागतात. ते निस्तरणं फेलओव्हरपेक्षा अवघड.

प्लॅन्ड फेलओव्हरला मुख्य होस्ट जिवंत लागतो, म्हणून इथं रेप्लिकाच्या बाजूनं साधं फेलओव्हर. रेप्लिकेशन हेल्थमध्ये शेवटची कॉपी कधी पोचली ती वेळ कागदावर उतरवली. त्यानंतरच्या पावत्या परत टाकाव्या लागतात, आणि अकाउंटवाले पहिला प्रश्न हाच विचारतात.

पहिला डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर, एकटाच. तो नसताना होस्टवर डोमेनच्या नावानं लॉगिन होईलच असं नाही. होस्टचा लोकल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड लिफाफ्यात असावा. होस्टचं घड्याळही आधी हातानं लावलं. होस्ट वेळ डोमेनकडून घेतो आणि व्हीएम होस्टकडून, म्हणजे दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. 5 मिनिटांहून जास्त फरक पडला की केर्बेरॉस ही लॉगिन तपासणारी पद्धत दार उघडत नाही.

डोमेन कंट्रोलर उठला, डीएनएसही (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) चाललं, तरी लॉगिन होईना. ‘नेट शेअर’ चालवून पाहिलं तर सिसव्हॉल आणि नेटलॉगॉन हे लॉगिनला लागणारे त्याचे शेअर फोल्डर यादीतच नाहीत. फेलओव्हरनंतर व्हीएमचा जनरेशन आयडी (ही प्रत कुठली ते सांगणारा क्रमांक) बदलतो, त्यामुळे सिसव्हॉल दुसऱ्या कंट्रोलरकडून नवी कॉपी येण्याची वाट बघत बसतं. दुसरा कंट्रोलर आहेच कुठं? सिसव्हॉलची कॉपी करणारी डीएफएसआर सेवा थांबवून, एडीएसआय एडिट या डोमेनच्या नोंदी बदलण्याच्या टूलमध्ये या कंट्रोलरच्या सिसव्हॉल सबस्क्रिप्शनचं ऑप्शन्स मूल्य 1 करून याच कॉपीला अधिकृत ठरवायचं, मग सेवा सुरू. शेअर दिसले की पुढं.

मग एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसची व्हीएम. रिकव्हरी पॉइंटच्या (जिथून परत उठता येतं त्या वेळच्या प्रतींच्या) यादीत सगळ्यात ताजा निवडला. एसक्यूएल सुरू होताना लॉगवरून (बदलांच्या नोंदवहीवरून) स्वतःला सावरतं. डेटाबेस खराब निघाला तर फेलओव्हर रद्द करून मागचा अ‍ॅप्लिकेशन-कन्सिस्टंट (डेटाबेसला सगळं डिस्कवर लिहायला लावून घेतलेला) पॉइंट घ्यायचा. म्हणून डेटा तपासून होईपर्यंत ‘रिमूव्ह रिकव्हरी पॉइंट्स’ला हात लावायचा नाही. घाई नडते ती इथंच.

रॅमनं अडवलं. रेप्लिका बंद असताना रॅम खात नाही, त्यामुळे 64 जीबीच्या होस्टवर 88 जीबीची व्हीएम कशी बसवली होती ते कुणालाच बोचलं नव्हतं. रिपोर्ट आणि टेस्टची व्हीएम बंदच ठेवली, एसक्यूएलची रॅम 32 वरून 24 जीबीवर आणली.

विंडोज व्हीएमना फेलओव्हर टीसीपी/आयपी या सेटिंगमध्ये शाखेचे पत्ते आधीच भरलेले होते, ती सरळ आली. एक लिनक्स व्हीएम मात्र जुनाच पत्ता धरून बसलं, कारण आत होस्टकडून सेटिंग घेणारा केव्हीपी डेमन चालूच नव्हता. कन्सोलवरून पत्ता बदलला. दोन व्हीएमची नेटवर्क कार्डं कुठल्याच स्विचला जोडलेली नव्हती, कारण दोन्हीकडच्या व्हर्च्युअल स्विचची नावं वेगळी. डीएनएसमध्ये हातानं टाकलेल्या नोंदीही बदलाव्या लागल्या, आणि जुने पत्ते विसरले जावेत म्हणून वापरणाऱ्यांच्या पीसीवर ‘आयपीकॉन्फिग फ्लशडीएनएस’.

परतीची (शाखेकडून लातूरला) रेप्लिका लाईनवरून सोडायची नाही. 10 एमबीपीएसवर तासाला साधारण 4.5 जीबी जातं. 400 जीबीला पावणेचार दिवस, तेही लाईन एकदाही न तुटता. लातूरला नवा होस्ट बसला की पहिली कॉपी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर काढून एसटीनं पाठवायची, तिथं इम्पोर्ट करायची, आणि मधल्या काळातले बदल तेवढे लाईनवरून.